पाव की पाऊण

मावशीची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा तिनं मला जवळजवळ दाखलच करून घेतलं होतं.

नर्सिंग कॉलेज हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावर होतं आणि लिफ्टवर 'फक्त रुग्णांसाठी' अशी पाटी होती. पाट्या वाचून त्याप्रमाणे वागणाऱ्या बावळट लोकांपैकी मी एक. पहिला मजला मी मास्तराच्या रुबाबात चढलो, दुसरा हमालासारखा, तिसरा कठड्याला लोंबकळत, आणि चौथ्यावर जे पोचलं ते नुसतं एक जाकीट होतं. आत माणूस शिल्लक आहे की नाही यावर दोन डॉक्टरांचं एकमत झालं नसतं. जिन्याच्या तोंडाशी पांढऱ्या गणवेशातली एक ठेंगणी, रुंद बाई उभी होती. मी "गणिताचा..." एवढंच म्हणू शकलो. तिनं एका हातानं माझं मनगट पकडलं, दुसऱ्या हातानं माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढली आणि तिसऱ्या हातानं बाक पुढे सरकवून मला त्यावर बसवलं. तिसरा हात होता, मी शपथेवर सांगतो.

"जीभ दाखवा. घाबरायचं नाही. बरोबर कोण आहे तुमच्या?"

"अहो, मी इथं..."

"बोलू नका, बोलण्यानं दम लागतो. चिमणे, व्हीलचेअर आण गं!"

चिमणी नावाची चिमणीएवढीच एक मुलगी भुर्रकन गेली आणि खुर्ची घेऊन आली. नेमकं त्याच वेळी आत वर्गात प्राचार्यबाई मुलींना सांगत होत्या, "आजपासून गणित शिकवायला नवे सर येणार आहेत." दार उघडलं. चाळीस मुली आदरानं उभ्या राहिल्या. मी बसूनच होतो. मागून मावशी खुर्ची ढकलत होती.

"भाऊजी, हे काय?" प्राचार्यबाईंच्या तोंडून निसटलं.

प्राचार्यबाई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. घरी आम्ही सगळेच त्यांना ताई म्हणतो आणि सगळेच त्यांना टरकून असतो. त्यांनी एकदा जेवताना सांगितलं होतं की दुसऱ्या वर्षाच्या चाळीस मुलींपैकी एकोणतीस जणी औषधाच्या डोसाच्या गणितात नापास झाल्या. "मोठ्या माणसाचं एक वेळ ठरलेलं असतं," ताई म्हणाल्या. "मुलांचं तसं नाही. बाळाचं वजन किती, किलोला औषध किती, बाटलीत किती, मग सिरिंजमध्ये किती ओढायचं. एका पायरीवर टिंब घसरलं की औषध दहापट." मी तेव्हा तोंडात घास असताना म्हणालो होतो, "सहा आठवडे माझ्या ताब्यात द्या. सगळ्या बाया टिंबासकट पास करतो." शाळेत वीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला असं बोलायची खोड लागते. समोरचे विद्यार्थी नेहमी आपल्यापेक्षा लहान असतात ना.

मावशी मात्र लहान नव्हती. छत्तीस वर्षांची होती. बाकीच्या मुली एकोणीस-वीसच्या. अकरा वर्षं तिनं याच हॉस्पिटलात मुलांच्या वॉर्डात आयाचं काम केलं होतं: चादरी बदलणं, भांडी देणं-घेणं, ओकाऱ्या पुसणं, रडणाऱ्या पोरांना कडेवर घेऊन व्हरांड्यात फेऱ्या मारणं. आयांना सगळे मावशीच म्हणतात, तशी तिलाही म्हणत. मग तिनं बाहेरून परीक्षा दिल्या, आयाच्या कामाचा राजीनामा दिला आणि इथं प्रवेश घेतला. राजीनामा दिल्यावर आठवड्याच्या आत तिच्या जागी दुसरी बाई लागली. परतीची वाट बंद झाली होती, हे तिला माहीत होतं आणि ती ते हसत हसत सांगायची.

विद्यार्थिनीचा गणवेश अंगावर चढला तरी वॉर्डातली हाक बदलली नाही. शिकायला म्हणून ती वॉर्डात गेली की जुन्या सिस्टर सवयीनं ओरडायच्या, "मावशी, तीन नंबरला भांडं दे!" आणि ही वही बाजूला ठेवून भांडं द्यायला जायची.

"अगं, तू आता विद्यार्थिनी आहेस ना? सांगायचं त्यांना," चिमणी चिडायची.

"पोराला घाईची लागली असताना मी माझी ओळख सांगत बसू का?" मावशी म्हणायची. एकदा मात्र मला म्हणाली, "सर, मला काही नको. त्याच वॉर्डात, त्याच बायकांनी एकदा मला सिस्टर म्हणून हाक मारली पाहिजे. मग बदली कुठंही करा."

तिच्या आणि त्या हाकेच्या मध्ये एकच गोष्ट आडवी होती: डोसाची परीक्षा. त्या परीक्षेत दहापैकी दहा गणितं बरोबर यावी लागत. नऊला नापास. ताईंचं म्हणणं असं की दहावं बाळही कोणाचं तरी असतं. प्रयत्न तीन मिळत. मावशीचे दोन झाले होते. पहिल्यात सात आली होती, दुसऱ्यात आठ.

तिचं आणि दशांश चिन्हाचं जन्माचं वैर होतं. पहिल्याच दिवशी तिनं कागद उजेडात धरून विचारलं, "सर, हे टिंब छापलेलं आहे की माशीनं केलंय?" शून्य पॉइंट शून्य पाच हे शून्य पॉइंट पाचपेक्षा मोठं, असं तिचं ठाम मत होतं, त्यात शून्यं जास्त म्हणून. घरी तिची सातवीतली मुलगी तिला शिकवायला बसायची. मायलेकी एकाच टेबलावर तोच धडा करायच्या आणि लेक म्हणायची, "आई, मला गृहपाठ आहे. तू नंतर चुकत जा."

ही सगळी मला आयती मिळालेली करमणूक होती. वर्गाला जाग आणायची असली की मी मावशीला फळ्याशी बोलवायचो. "या मावशी. आज कोणत्या बाळाला बादलीभर औषध पाजणार?" वर्ग खिदळायचा. तिचं उत्तर दहापट आलं की मी घाबरून दाराबाहेर पळायचं नाटक करायचो, "पोलीस येण्याआधी मी घरी जातो." मुली डोळे पुसायच्या. मावशीसुद्धा खडू हातात धरून हसायची. ती हसते म्हणजे तिला गंमत वाटते, असं मी धरून चाललो होतो. तिच्या हातातला खडू तेवढ्यात मोडलेला असायचा, हे मी दोन-तीनदा पाहिलं होतं. पाहून सोडून दिलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात एका मधल्या सुट्टीत ती मागच्या बाकावर बसून जुन्या चादरी कापताना दिसली. वॉर्डातल्या मुलांसाठी ती फाटक्या चादरींच्या बाहुल्या करायची.

"पाऊण मीटरमध्ये तीन होतात," ती म्हणाली. "एकीला पाव मीटर."

मी सहज विचारलं, "आणि सव्वादोन मीटर चादर असली तर?"

"नऊ," ती म्हणाली. कात्री थांबलीसुद्धा नाही.

मी थक्क झालो. साडेतीन मीटर? चौदा. पावणेपाच? एकोणीस. ज्या बाईला टिंब दिसलं की घाम फुटतो, ती पाव, अर्धा, पाऊण, सव्वा यांच्याशी सख्ख्या बहिणींसारखी बोलत होती. मला एवढा आनंद झाला की मी तिथंच एका कागदावर तिला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी आणि अडीचकी असे अपूर्णांकांचे जुने पाढे लिहून दिले.

"दहा किलोचं बाळ. किलोला अडीच मिलिग्रॅम. किती?"

"दहा अडीचं पंचवीस."

"बाटलीत एका मिलिलिटरला शंभर मिलिग्रॅम. आपल्याला हवेत पंचवीस. शंभरातले पंचवीस म्हणजे?"

"पाव!" ती ओरडली आणि लगेच तोंडावर हात ठेवून दाराकडे बघायला लागली. "पण सर, तसं म्हणायचं नाही ना इथं?"

म्हणायचं नाही, हे खरं होतं. प्रात्यक्षिकाच्या खोलीत ताईंनी मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला होता: 'वॉर्डात पाव, पाऊण, सव्वा, दीड हे शब्द वापरू नयेत. प्रत्येक अंक सुटा बोलावा. शून्य पॉइंट दोन पाच.' मला रुजू होतानाच त्यांनी तो दाखवला होता, आणि घरी येऊन मी बायकोला नक्कल करून दाखवली होती की ताई आता भाजीवाल्याकडे जाऊन शून्य पॉइंट दोन पाच किलो मिरच्या मागणार.

"तो कागद भिंतीसाठी आहे," मी मावशीला म्हणालो. "तुम्ही बिनधास्त पाव म्हणा. आणि नुसतं मनात नाही, तोंडानं म्हणा. तोंडानं म्हटलेलं पक्कं बसतं."

"मॅडमना चालेल?"

"मॅडमचं मी बघतो."

हे मी म्हणालो. जसंच्या तसं म्हणालो. तेव्हा आसपास कोणी नव्हतं.

त्यानंतर मावशी सुटलीच. दर शनिवारच्या चाचणीत दहापैकी दहा. मुली तिच्याकडे उत्तरं पडताळायला यायला लागल्या. चिमणीनं तर स्वतः गणित करणंच सोडलं; ती नुसती विचारायची, "मावशी, किती?" आणि मावशी मोठ्यांदा सांगायची. मी कौतुकानं बघत होतो. घरी मी एवढ्या फुशारक्या मारल्या की बायको म्हणाली, "परीक्षा तिची आहे की तुमची?"

तिसऱ्या प्रयत्नाच्या लेखी परीक्षेत तिला दहा मिळाले. राहिलं वॉर्डातलं प्रात्यक्षिक. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मुलांच्या वॉर्डात दोघीदोघींच्या जोड्या लावल्या होत्या. औषध एकीनं काढायचं, दुसरीनं स्वतंत्र हिशोब करून पडताळायचं, आणि इन्चार्ज सिस्टरनं बघितल्यावरच द्यायचं, अशी पद्धत होती. उत्तरसूची घेऊन मी खिडकीपाशी उभा होतो. मावशीच्या जोडीला चिमणी आली आणि वाट्याला दहा किलोचं, वर्षाचं एक बाळ आलं. किलोला अडीच मिलिग्रॅम. बाटलीवर शंभर. माझ्या हातातल्या कागदावर उत्तर होतं ०.२५, आणि मला मनातून गुदगुल्या होत होत्या.

मावशीनं बाळाला मांडीवर घेऊन त्याचा हात पकडला होता. बाळ टाहो फोडत होतं. त्याचं ऐकून पलीकडची दोन सूर लावत होती. दोघींच्या तोंडावर मास्क होते.

"मावशी, किती?" चिमणीनं विचारलं. तिनं स्वतः हिशोब केला नव्हता.

"पाव!" मावशी म्हणाली. मोठ्यांदा, तोंडानं.

चिमणीनं सिरिंज भरली. इतक्यात पलीकडच्या पोरानं हाताची नळी ओढली आणि इन्चार्ज सिस्टर तिकडे धावल्या. चिमणी सिरिंज घेऊन वाकली. मी खिडकीपाशी उभा राहून बघत होतो. काही चुकलंय हे मला दिसलंच नाही. आकडे कागदावर असले की मला दिसतात.

"थांब!"

मावशीनं बाळाचा हात सोडून चिमणीचं मनगट धरलं होतं.

"किती भरलंस हे?"

"पाऊण. तूच म्हणालीस."

"पाव म्हणाले मी."

"पाऊण ऐकू आलं गं मला... मावशी, देवाशपथ पाऊण ऐकू आलं."

तिप्पट औषध होतं. इन्चार्ज सिस्टर परत आल्या तेव्हा दोघी पांढऱ्याफटक उभ्या होत्या आणि बाळ मावशीच्या खांद्यावर शांत झालं होतं. त्याला सुई टोचलीच गेली नव्हती. मावशी नंतर म्हणाली की एवढ्या लेकराला एवढं भरलेलं तिनं अकरा वर्षांत कधी बघितलं नव्हतं, म्हणून हात आपोआप गेला. सिस्टर काही विचारायच्या आत तिनंच सांगितलं, "चूक झाली सिस्टर. नोंदीचा कागद द्या." आणि तिथंच टेबलाशी उभी राहून तिनं स्वतःची चूक स्वतःच्या अक्षरात लिहिली. 'मी पाव असा शब्द वापरला.' बस. चिमणीबद्दल एवढंच, की तिला नीट ऐकू आलं नाही.

दुपारी ताईंच्या खोलीत आम्ही पाच जण होतो: ताई, इन्चार्ज सिस्टर, मावशी, हुंदके देणारी चिमणी आणि मी. ताईंनी नोंद दोनदा वाचली.

"चिमणीचा दुसराच प्रयत्न आहे, तिला पुन्हा बसता येईल," ताई म्हणाल्या. "तुझा तिसरा आहे. नियमानं तू नापास, आणि नाव कमी होईल." मग चष्मा काढून, आवाज उतरवून म्हणाल्या, "पण एक गोष्ट आहे. शिकवणाऱ्यानंच चुकीचं शिकवलं असेल तर तो तुझा दोष नाही. मग मी हा प्रयत्न रद्द धरून परत परीक्षा घेऊ शकते. म्हणून नीट विचारतेय. पाव म्हणायला तुला कोणी सांगितलं?"

मावशी बुटांकडे बघत राहिली. मला बोलायचं होतं. मी तोंड उघडलंही होतं. पण डोळ्यांसमोर आलं ते घरचं जेवणाचं टेबल: ताई, बायको, सासूबाई, आणि मधोमध मी, सहा आठवड्यांत सगळ्या बाया पास करणारा.

ताई माझ्याकडे वळल्या. "सर, वर्गात तुम्ही कधी...?"

"मी?" मी म्हणालो. "छे हो ताई. मी पाव फक्त चहात बुडवतो."

इन्चार्ज सिस्टर फसकन हसल्या. चिमणीला रडता रडता हसू आलं आणि उचकी लागली. सकाळपासून ताठ बसलेल्या ताईसुद्धा हसल्या, "तुम्ही म्हणजे ना!" आयुष्यात माझ्या एवढ्या विनोदांना दाद मिळाली, पण इतक्या वेळेवर एकही आला नव्हता.

मावशीही हसली. अगदी फळ्याशी उभी राहून हसायची तशी. मग म्हणाली, "माझीच जुनी सवय मॅडम. घरी कापड मोजते ना, त्यातली."

ताईंनी सही केली.

मी घाईघाईनं जिन्याकडे निघालो, तर ती तिथंच उभी होती. मला वाटलं, आता बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं पर्समधून घडी केलेला कागद काढला. माझ्या अक्षरातली पावकी, निमकी, पाऊणकी. घड्यांवर चिकटपट्टी लावलेली होती.

"हे राहिलं होतं सर माझ्याकडे," ती म्हणाली. "बाकीच्या मुलींना नका देऊ."

मग माझ्याकडे जरा निरखून बघत म्हणाली, "सावकाश उतरा. तोंड पांढरं पडलंय तुमचं."

तो कागद तीन दिवस माझ्या खिशात होता. चौथ्या दिवशी जाकीट धुवायला टाकताना तो बायकोच्या हाती लागला आणि मला सगळं सांगावं लागलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं एवढंच विचारलं, "त्यावर हसली ती?"

"हो."

"आणि तुम्ही घरी आलात."

मी दुसऱ्याच दिवशी कॉलेजात गेलो, तर ताई दोन दिवसांच्या रजेवर होत्या. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही आता लपवण्यात अर्थ नाही. त्यानंतर शाळेच्या परीक्षा निघाल्या, मग मला सर्दी झाली. सर्दी बरी होती, तरी मी ती ताणली. ताईंसमोर उभा राहिलो तो बाराव्या दिवशी.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कमी केलेल्या नावांची यादी सोमवारीच वर गेली."

"काही करता येणार नाही?"

"सोमवारच्या आधी आला असतात तर आलं असतं." त्या कागद लावत राहिल्या. "मला शंका आली होती, भाऊजी. म्हणून तर तुम्हाला विचारलं. पण तुम्ही हसवलंत."

मी मावशीचा पत्ता घेऊन तिच्या घरीही गेलो. दार मुलीनं उघडलं. आई कामावर गेलीय म्हणाली. मी कोण, असं विचारलं तिनं. मी सांगितलं, गणिताचा सर. "आईचे?" ती खूश झाली, "या ना, बसा ना. आई तुमचे जोक सांगते आम्हाला." मी बसलो नाही.

कॉलेजला गणिताला दुसरा कोणी माणूस मिळाला नाही, त्यामुळे पुढच्या वर्षीही मलाच बोलावलं. आता मी पहिल्या तासाला भिंतीवरचा कागद मुलींकडून दहा वेळा मोठ्यांदा म्हणवून घेतो. मावशी एका पाळणाघरात कामाला लागली आहे. तिथं मुलांना औषध द्यायची परवानगी कोणालाच नाही.